नागाचा महागाई भत्ता

श्रावण शुद्ध पंचमीला आमच्या बँकेच्या शाखेत ग्राहकांनी शक्यतो येऊ नये. आले तरी काम होत नाही. त्या दिवशी डबे बाराच्या आधीच उघडतात, आणि डबे संपले तरी साप संपत नाहीत. 'आमच्या गावाकडे एकदा काय झालं...' असं कुणीतरी म्हणतं, की टेबलाखालून, कपाटामागून, लॉकरच्या खोलीतून नुसते साप निघू लागतात. शिपायाच्या मेहुण्याच्या उशाखाली रात्रभर मण्यार झोपलेली असते. कर्ज विभागातल्या बाईंच्या आजोळी धामण गाईच्या मागच्या पायांना विळखा घालून दूध पीत असते. सापाला दूध पचत नाही आणि ओठ-गाल नसल्यामुळे चोखताही येत नाही, असं एका नव्या अधिकाऱ्यानं एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून त्याला कुणी लोणचं देत नाही.

या सगळ्यांत माझा नाग म्हणजे शाखेचा मानाचा नाग. माझं आजोळ-पाजोळ सगळं सांगली जिल्ह्यातलं, आणि आत्या दिलेली थेट बत्तीस शिराळ्याला, म्हणजे नागपंचमीच्या राजधानीतच. तिथं नऊ वर्षांचा असताना, १९७८ साली, आत्याच्या उंबऱ्यावर मी दीड हातावरून जिवंत नागाशी नजरानजर केली आणि माझी पापणीसुद्धा लवली नाही. नागाचीही लवली नव्हती. पण सापाला पापण्याच नसतात, त्यामुळे त्यात त्याचं कौतुक नाही.

नागाच्या लांबीबद्दल मात्र घरात मतभेद आहेत. बायकोनं तिचा हिशेब तोंडपाठ ठेवलाय. "मला बघायला आलात तेव्हा तीन फुटी होता," ती चारचौघांत सांगते. "साखरपुड्याला साडेतीन झाला. तुम्हाला बढती मिळाली तेव्हा पाच. आता साडेसहा." याला खोटं म्हणता येणार नाही. बँकेतला महागाई भत्ता जसा दर तीन महिन्यांनी आपोआप वाढतो, तसा हा नाग वाढत गेला. साडेसहाला मी थांबलो तेही अभ्यास करून. आपला नाग साधारण साडेतीन ते पाच फुटांचा असतो, सहाच्या वर क्वचित जातो. त्याच्या पुढं गेलो की लोक नागराजाचा संशय घेतात, आणि नागराजाला सांगलीच्या माळावर आणणं मलाही जड गेलं असतं.

शाखेत एकच माणूस असा होता की ज्याच्याकडे साप नव्हता. आमचे कॅशियर. जन्म सदाशिव पेठेत, शिक्षण सदाशिव पेठेत, सासुरवाडी नारायण पेठेत. साप सोडाच, गांडूळसुद्धा त्यांनी जीवशास्त्राच्या पुस्तकातच पाहिलेलं. नागपंचमीला हा माणूस कोपऱ्यात बसून नोटा मोजायचा आणि आमच्याकडे बिनभांडवली माणसानं शेअर बाजाराकडे बघावं तसा बघायचा. तोच एकदा म्हणाला, "साहेब, मला एकदा शिराळ्याला न्याच."

"अहो, आता तिथं जिवंत नाग नसतात. २०१४ साली उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि नाग पकडणं, मिरवणं सगळं बंद झालं."

"नाग नको. तो उंबरा तरी दाखवा!"

यावर शाखेनं टाळ्या वाजवल्या. २०२४ च्या श्रावणात मी, बायको, मुलगा आणि कॅशियर असे चौघं पहाटेच्या एसटीत बसलो.

नागपंचमीला प्रवास करू नये असं शास्त्रात कुठं आहे का ते माहीत नाही, पण असायला हवं. कारण त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही आणि तवा चुलीवर ठेवायचा नाही. आदल्या दिवशी मी दाढी करायला विसरलो, तर त्या दिवशी बायकोनं वस्तरा हातातून काढून घेतला. शिदोरी म्हणून पुरणाची उकडलेली दिंडं होती आणि सफरचंदं होती, तीही अख्खी. साताऱ्याच्या पुढं गाडी धाब्यावर थांबली तेव्हा कॅशियर वडापाव घेऊन आले. बायकोनं वड्याकडे पाहिलं.

"भाऊजी, तळलंय."

"हो वहिनी, गरमच आहे."

बायकोनं मग वड्याकडे पाहिलं नाही, कॅशियरकडे पाहिलं. त्यांनी तो वडा खिडकीतून कुत्र्याला दिला. कुत्र्याला नागपंचमी नसते. पुढचे दोन तास आम्ही चौघं अख्खी सफरचंदं कुरतडत होतो, तेव्हा समोरच्या आजीबाईंनी आमच्या मुलाला "दात येत्यात व्हय रं?" असं विचारलं.

पेठ नाक्याला उतरून वडाप धरलं. आमच्या भागात वडाप म्हणजे नऊ जणांच्या जीपमध्ये सतरा जणांना बसवण्याची कला. ड्रायव्हर अर्धा बाहेर होता, आतल्या अर्ध्यानं त्यानं विचारलं, "पावणं, पंचमीला व्हय?" आणि कॅशियरनी हो म्हणताच जीपमध्ये नाग निघायला सुरुवात झाली.

"आमच्या मंडळाचा नाग सहा फुटी हुता," मागचा म्हणाला.

"सहा? आमचा सात! बक्षीस आमालाच," मधला म्हणाला.

टपावरून आवाज आला, "सात फूट म्हंजी काय, आमचा उभा ऱ्हायला की सरपंचाच्या फेट्याला लागायचा."

आता नाग अंगाचा साधारण तिसरा हिस्सा जमिनीवरून उचलतो. सरपंच साडेपाच फुटी धरला तरी तो नाग सोळा-सतरा फुटांचा होतो. मी हिशेब केला आणि गप्प बसलो. माझा साडेसहा फुटी नाग माझ्या मांडीवर अळीसारखा दिसायला लागला होता. कॅशियर मात्र वहीत सगळं टिपून घेत होते.

शिराळ्याला बत्तीस शिराळा म्हणतात ते बत्तीस गावांचं ठाणं म्हणून. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक इथं आहे. पण पंचमीच्या दिवशी त्या बिचाऱ्याकडे कोण बघतो? नागपूजेची कथा अशी, की गोरक्षनाथ महाजनांच्या दारी भिक्षेला आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? आणि तेव्हापासून गावात जिवंत नागाची पूजा सुरू झाली. ही कथा मी वडापमधून उतरल्यावर कॅशियरना मोठ्या भक्तिभावानं सांगितली. बायको म्हणाली, "ऐका, ऐका. रोज चहाला दोन मिनिटं उशीर झाला की तुम्ही जे बोलता ना, त्यातनं असं काहीतरी होतं."

पुढची काही शतकं गाव नागासाठी झपाटलं. मंडळं झाली. पंचमीच्या आधी महिनाभर पोरं ओढ्या-नाल्यांना, बांधांना माग काढत फिरायची, नाग धरून मडक्यात ठेवायची, पंचमीला अंबामातेच्या देवळाकडे मिरवणुका निघायच्या, घरोघरी बायका नागाला ओवाळायच्या. सगळ्यांत लांब नाग कुणाचा, सगळ्यांत उंच फणा कुणाचा, अशा स्पर्धाही असायच्या. या सगळ्याबद्दल नागाचं काय मत आहे, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं विचारलं. न्यायालयानं त्याचं उत्तर ठणकावून दिलं. नाग सुटले, स्पर्धा बंद झाल्या. फक्त टेप तेवढा गावाच्या तोंडात राहिला.

गावात शिरलो तर पाऊस, चिखल, माणसं आणि फ्लेक्स. प्रत्येक फ्लेक्सवर मधोमध फणा काढलेला नाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फणा काढलेले इच्छुक उमेदवार. कोण कुणाला हार्दिक शुभेच्छा देतोय ते कळत नव्हतं. पाळणे होते, भेंडबत्तासे होते, बायकांच्या हातावर ताजी मेंदी होती. ट्रॅक्टरवर थर्माकोलचा वीस फुटी नाग डोलत होता. पालखीलाही आता नागाच्या प्रतिमेवरच भागवावं लागतं. चौकाचौकांत पोलीस आणि वनखात्याची माणसं उभी होती. माणसांना नागापासून वाचवायला पोलीस आलेले आयुष्यात पाहिलेत. नागांना माणसांपासून वाचवायला आलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

देवळाच्या रांगेत कॅशियरची एक चप्पल चिखलात गेली. ती काढायला त्यांनी हात घातला आणि कर्कश्श किंचाळले, "साप! साप!"

आता पुण्यात असं कुणी ओरडलं, तर माणसं पळतात. इथंही पळाली, पण आमच्याच दिशेनं. "कुटं हाय? कुटं हाय?" करत दोन-अडीचशे माणसं धावली. एकानं अंगातला शर्ट काढून हातात धरला. एक आजीबाई चिखलातच हळद-कुंकू घेऊन बसल्या. गर्दी बाजूला सारत वनखात्याचे दोघं धावत आले. तो साप म्हणजे लाऊडस्पीकरची जाड काळी केबल होती. गर्दीचा जो हिरमोड झाला तो मी विसरणार नाही. नाग नाही म्हणून इतकी माणसं एकदम दुःखी झालेली मी कुठं पाहिली नाहीत. शर्टवाल्यानं शर्ट पुन्हा अंगात घातला आणि कॅशियरना म्हणाला, "पावणं, निदान हलवून तरी बघायची." दुसरी चप्पलही त्या धावपळीत गेली. पुढचं सगळं शिराळा त्यांनी अनवाणी पाहिलं. लोकांना वाटलं नवस आहे, आणि दोन ठिकाणी त्यांना रांगेत पुढं सोडलं.

शेवटी आत्याचं घर आलं. आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. आतेभावानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलंय. जिथं उंबरा होता तिथं ग्रॅनाइटची काळी पट्टी होती. कॅशियर अनवाणी पायांनी तिच्यासमोर उभे राहिले. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग खाली बसून त्यांनी पट्टीपासून दीड हात मोजला आणि तिथं मला उभं करून फोटो काढला. माझा ऊर भरून आला. खरंच तिथं मी उभा होतो, असं क्षणभर मलाही वाटून गेलं.

तेवढ्यात ओसरीवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "कुणाचं रं ह्ये?"

"आमच्या मामांचा थोरला, तात्या. पुण्याचा," आतेभाऊ म्हणाला.

तात्या म्हणजे पेठेतल्या मंडळाचे जुने नाग धरणारे. वय ऐंशीच्या पुढं, डोक्याला मुंडासं, नजर अजून टोकदार. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आरं, त्यो कणगीतला!"

मी म्हणालो, "चला, उशीर होतोय, गाडी..."

"बसा की साहेब," कॅशियर म्हणाले आणि वही काढली.

"आवं, आमी नाग घिऊन हितं दारात," तात्या सांगायला लागले, "ह्याची आत्या ताट घिऊन उंबऱ्यात, आन् ह्ये पोरगं गायब! परड्यात बघितलं, हिरीत बघितलं. आत्याच्या हातातनं आरतीचं ताट पडलं. मिरवणूक थांबवून आमी नाग घातला मडक्यात आन् पोराला हुडकाय लागलो. सांजच्याला कुणीतरी जोंधळं काढाय कणगीत हात घातला, तर हाताला केस लागलं!"

बायको पदराआड हसत होती. मुलगा उघड हसत होता.

"पण तात्या," कॅशियर कायदेशीर सुरात म्हणाले, "साहेबांनी नागाशी नजरानजर केली होती ना? पापणी न लवता?"

"लवंल कशी? डोळ्यात जोंधळ्याची कुसं गेल्ती. दोन दिस डोळं मिटूनच हुतं."

मी खरं सांगून टाकतो. नागाचा फूत्कार तेवढा मी ऐकला होता. कणगीच्या कुडातून अगदी स्पष्ट ऐकला होता. पुढं कॉलेजात गेल्यावर कधीतरी माझ्या लक्षात आलं, की आत्याच्या स्वयंपाकघरात त्या वेळी नवा स्टोव्ह आलेला होता.

कॅशियरनी तरी आशा सोडली नाही. "बरं, पण नाग तर होता? केवढा होता? साडेसहा फूट?"

"मोजला न्हाई," तात्या म्हणाले.

"मोजला नाही?"

"मोजायचं पंचांनी, सांगायचं बघ्यांनी. आमी फकस्त धरायचा. धरणाऱ्याचं ध्यान फण्याकडं लागतंय. टेपाकडं गेलं की आटपलं."

"अंदाजे तरी?"

तात्यांनी दोन्ही हात पसरले. जरा विचार केला. मग हात थोडे जवळ आणले. "असंल चार फूट." पुन्हा विचार केला. हात आणखी जवळ आले. "तेवढा बी नसंल. साडेतीन म्हना."

मी आयुष्यात अनेक सापांच्या गोष्टी ऐकल्यात, पण सांगता सांगता लहान होणारा साप मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"भीती नाही वाटायची?" मुलानं विचारलं.

"वाटायची की. त्याला बी वाटायची. दोगं बी भ्याल्यालं, म्हनून तर नीट व्हायचं." तात्या आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "सुटला ह्ये बरंच झालं. त्यो काय पावना म्हनून न्हवता यीत. पर पंचमी आली की हात शिवशिवत्यात, दुसरं काय न्हाई."

परतताना जत्रेत मुलानं रबरी नाग घेतला. तो पिशवीत बसेना, म्हणून त्याचं शेपूट चेनमधून बाहेर लोंबत राहिलं. गावाबाहेर गाड्या तपासत होते. खाकीतला एक तरुण माझ्या पिशवीजवळ थबकला. त्यानं हातानंच सगळ्यांना मागं व्हायला सांगितलं, काठीनं अलगद चेन सरकवली आणि दिंडांचा डबा, दोन सफरचंदं, माझा टॉवेल आणि त्याखालचा नाग अशी एकेक वस्तू बाहेर काढली. मग त्यानं नागाला दाबलं. नाग पीप करून वाजला. तरुणानं गंभीर चेहऱ्यानं तो परत पिशवीत ठेवला.

"मोठा आहे हो," तो म्हणाला. "केवढा असेल?"

"मोजला नाही," मी म्हणालो.

गाडीत कॅशियर माझ्या शेजारी बसले. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. कराडच्या पुढं त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, काळजी करू नका. कणगीचं शाखेत कुणाला कळणार नाही. माझा शब्द." माझे डोळे भरून आले. या वेळी कुसं नव्हती. सरळ माणूस, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. बायको म्हणाली, "बघू."

वर्ष गेलं. २०२५ साली केंद्र सरकारनं लोकशिक्षणासाठी म्हणून शिराळकरांना नाग पकडायला मर्यादित परवानगी दिल्याची बातमी आली. शाखेत पुन्हा उंबऱ्याचा विषय निघणार, या धास्तीनं मी पंचमीला मुद्दाम उशिरा डबा घेऊन आत गेलो. आत सगळे श्वास रोखून बसले होते. मधोमध कॅशियर उभे. समोर चार रिकामे डबे एकापुढं एक मांडलेले, तो बहुधा उंबरा असावा.

"...आणि मी असा समोर," ते सांगत होते, "पायात चप्पलसुद्धा नाही. दीड हातावर तो. हलला नाही, मीही हललो नाही. वनखात्याची माणसं धावत आली, दोनशे लोकांनी पाहिलं..."

"केवढा होता हो?" शिपायानं विचारलं.

कॅशियरनी दोन्ही हात पसरले. भिंतीला लागले. त्यांनी खिडकी उघडून एक हात बाहेर काढला.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्याकडे गेली. क्षणभर थांबले. मग म्हणाले, "साहेबांना विचारा. साहेब होते तिथं."

सगळी शाखा माझ्याकडे बघू लागली. मी शब्द देणाऱ्याकडे पाहिलं. बिचाऱ्यानं त्याचा शब्द तंतोतंत पाळला होता. कणगीचा उल्लेखही केला नव्हता. आता मी खरं बोललो असतो तर केबल निघाली असती, आणि केबलच्या शेपटाला धरून पाठोपाठ कणगीही.

"होतो," मी म्हणालो आणि डबा उघडला.

दिंडं होती. कोपऱ्यात कॅशियरची खुर्ची रिकामीच होती. मी तिथं जाऊन बसलो. नऊ फुटांचा नाग डुलत होता आणि सगळे डोळे विस्फारून ऐकत होते. तक्रार करायला मला तोंड नव्हतं. फक्त मनातल्या मनात एवढंच वाटत राहिलं, की साडेसहा फुटांपर्यंत तो नाग माझा होता.